त्रिशलाचा अर्धा हिस्सा

मालेगावात वाशीम रस्त्यालगतच्या दोन खोल्यांच्या घरात त्रिशला अकरा वर्षं राहते. फॉल-पिको करते, ब्लाउज शिवते. हेमसिंग एसटीत चालक. घरावरचं कर्ज त्याच्या एकट्याच्या नावावर, कारण पगाराची चिठ्ठी त्याच्याकडेच होती. निम्मा हप्ता ती दरमहा त्याच्या हातात देत आली. पावती मागितली नाही. घरच्या माणसाकडून पावती कोण मागतं?

लग्न मात्र झालेलं नाही, आणि होण्यासारखंही नव्हतं. हेमसिंगची बायको रुपाबाई मुलांसह तांड्यावर असते. त्यांची फारकत कागदावर कधी आलीच नाही.

गेल्या उन्हाळ्यात हेमसिंगच्या छातीत दुखलं. अकोल्याच्या दवाखान्यात नर्सने विचारलं, पेशंटच्या तुम्ही कोण? त्रिशला उत्तर जुळवत होती, तोवर त्याचा थोरला मुलगा आला, फॉर्मवर सही केली आणि तिच्याकडे न बघता औषधं आणायला गेला. तीन दिवस ती बाहेरच्या बाकावर बसून होती.

हेमसिंग बरा होऊन घरी आला, तेव्हा तिने वकील गाठला. उद्या याचं काही झालं तर घर बायकोमुलांचं, वकिलाने सरळ सांगितलं. हयातीतच निम्मं घर तिच्या नावे नोंदवायचं, त्याला बँकेची संमती घ्यायची. हेमसिंग तयार होता. बँकेचं पत्र चार महिन्यांनी मिळालं. अडलं ते ओळखदारावर. दस्त नोंदताना दोघांनी सांगावं लागतं, की आम्ही या माणसांना व्यक्तिशः ओळखतो. शेजारचा गिरणीवाला रामकिसन कबूल झाला. दुसरा तुमच्या रक्ताचा पाहा, वकील म्हणाला. मुलं कोर्टात गेली तर कचेरीबाहेरचा भाड्याचा माणूस टिकायचा नाही.

रक्ताचा म्हणजे सख्खा भाऊ अमृतलाल. पेठेत वडिलांचं किराणा दुकान आता तोच चालवतो. ती हेमसिंगकडे राहायला गेली, त्या दिवसापासून त्याने बोलणं टाकलं होतं. त्रिशला गल्ल्यापुढे उभी राहिली. त्याने आधी दोन गिऱ्हाइकं केली, मग तिचं म्हणणं ऐकलं.

"सही करून लोकायले काय सांगू? माही बहीण अशी राह्यते म्हणून?"

"लोकायले अकरा वर्सांपासून मालूम हाय, भाऊ. तुलेच सांगाचं राह्यलं होतं."

मागची खोली रिकामी आहे, ये परत, एवढं तो म्हणाला. त्रिशलाने दुकानाच्या उताऱ्याची गोष्ट काढली. इकडे वडील गेले की बहिणी भावाला हक्कसोड लिहून देतात. तशी रीतच आहे. पण त्यासाठी बहिणीला बोलवावं लागतं, आणि अमृतलालने अबोला पाळला. त्यामुळे दुकानाच्या उताऱ्यावर त्रिशलाचं नाव अजून तसंच होतं.

"मले त्या घरात हिस्सा भेटला नाही, तर इथला मागा लागीन."

अमृतलालने काट्याचं पारडं पुसलं. "कचेरीत कोन्या दिवशी याचं?"

ठरल्या दिवशी तो नोंदणी कचेरीत आला, तो स्वतःचा कागद घेऊनच. आधी त्रिशलाने हक्कसोडीवर सही केली, अंगठा लावला. मग तिचा दस्त पुढे आला. या बाईंना व्यक्तिशः ओळखता का, कारकुनाने विचारलं.

"ओळखतो," अमृतलाल म्हणाला आणि फोटोसाठी कॅमेऱ्याकडे बघू लागला.

हेमसिंगला तीनची पुसद गाडी होती. तो तिथूनच डेपोत गेला. दुसऱ्या दिवशी परतणार होता. रामकिसन गिरणी उघडायला गेला. भाऊबहीण दोघंच पायऱ्यांवर उरले.

"चहा घेतं का?" तिने विचारलं.

"नाही. आता तुह्यं-माह्यं काही राह्यलं नाही."

त्याने मोटारसायकलला किक मारली. तो वळणाआड जाईपर्यंत त्रिशला उभी होती. मग दस्ताची पिशवी काखेत धरून ती आपल्या घराकडे चालू लागली.