मागच्या सीटला कान लावणारा माणूस

वारज्याच्या त्या मेकॅनिकला मी एकदाच भेटलो आणि जन्मात पहिल्यांदा दोन मिनिटं गप्प बसलो.

आमची वीस वर्षांची लाडकी गाडी त्या रविवारी सुरूच होईना. "अकरापर्यंत सुरू झाली तर ठीक, नाहीतर भंगारवाल्याला बोलावते," बायकोने भर पार्किंगमध्ये जाहीर केलं.

पावणेअकराला शेजाऱ्यांनी फोन करून बोलावलेला हा किडकिडीत गृहस्थ स्कूटरवरून उतरला. मी लगेच हातवारे करत सुरू झालो. बॅटरी नवी आहे, स्टार्टर फिरतोय, माझ्या मते प्लगच...

"काका, नुसती चावी फिरवा. स्टार्टर मारू नका. आणि बोलू नका."

त्याने मागचं दार उघडलं, गुडघे टेकले आणि झोपलेल्या बाळाचा श्वास ऐकावा तसा सीटला कान लावला. मी चावी फिरवली. काहीच ऐकू आलं नाही.

"इथून, सीटखालच्या टाकीतून, दोन सेकंद घूं आवाज यायला पाहिजे. पेट्रोलचा पंप अडकलाय."

मग तो गाडीखाली सरकला आणि त्याने टाकीला रबरी हातोडीने हलकेच ठोकलं. "आता फिरवा."

घूं! पुढच्या क्षणी गाडी खोकली, थरथरली आणि चक्क सुरू झाली. मी टाळ्या वाजवल्या.

"हे तात्पुरतं आहे, पंप बदलून घ्या," हात पुसत तो म्हणाला. "गाडी सकाळपासून सांगतीये हो. तुम्ही तिला बोलूच देत नव्हता."

बायको हसता हसता बॉनेटवर टेकली. "राहू दे गाडी," ती म्हणाली, "पण यांचा नंबर घेऊन ठेवा. गाडीसाठी नाही, तुमच्यासाठी."