आईचं चार्जिंग

आईच्या छातीत मिरजेला पेसमेकर बसवला आणि आमच्या उंब्रजच्या घरात एक इंजिनिअर जन्माला आला. हे इंजिनिअर म्हणजे माझे वडील. लष्करात ते बिनतारी संदेशाच्या कामावर हवालदार होते. त्यामुळे बॅटरी हा विषय जगात फक्त आपल्यालाच कळतो, अशी त्यांची ठाम समजूत होती.

दर तपासणीला डॉक्टर आईच्या गळ्याखाली, कातडीआड ते यंत्र बसवलं होतं तिथं, एक लोहचुंबक धरायचे आणि ठोक्यांचा आलेख बघायचे. बॅटरी किती उरली ते त्यावरून समजतं, हेही त्यांनी नीट सांगितलं होतं. पण वडिलांनी शोध लावला, की हे वायरशिवाय चार्जिंगच आहे आणि डॉक्टर लोक ते गुपित ठेवतात.

मग काय, एका फुटक्या लाउडस्पीकरचं लोहचुंबक घरी आलं. रोज सकाळी चहा झाला की ओसरीवर आई, तिला खेटून वडील आणि आईच्या गळ्याखाली रुमालात गुंडाळलेलं ते धूड. चुंबक लावलं की ठोके एकसारखे पडायचे, तो त्या यंत्राचाच गुण. वडील नाडी धरून म्हणायचे, "बघ, कशी टाइट लागली." चारचौघांत बायकोशेजारी कधी न बसलेला हा माणूस येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत तिचा हात धरून बसायचा. विज्ञानासाठी माणसं काय काय सोसतात.

पुढं डॉक्टर म्हणाले, बॅटरी संपत आलीय, लवकर यंत्र बदलू. वडिलांनी मान डोलावली आणि घरी येऊन चार्जिंगचा वेळ वाढवला. मी खूप भांडलो. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि आईच्या जिवाची भीती वाटत होती. "तुला काय कळतंय रं त्यातलं?" एवढंच उत्तर मिळालं.

शेवटी आई चुलीपाशीच चक्कर येऊन पडली. जीप करून मिरज गाठली. वाचली. नवं यंत्र बसलं आणि डॉक्टरांनी वडिलांना असं झापलं, की पलटणीत कुठल्या साहेबानं झापलं नसेल.

घरी आल्यावर वडिलांनी चुंबक माळ्यावर टाकलं. सकाळचा चहा झाला की मुकाट्यानं पारावर जाऊन बसू लागले. मला हायसं वाटलं. "सुटलीस त्या खुळातून," मी आईला म्हणालो. "तुला तरी पटत होतं का ते?"

"न्हाई. डागदर सांगत व्हते ते मला कळलं व्हतं की."

"मग?"

आई दाराकडं बघत राहिली. "त्यास्नी सांग, डागदरानं लोहचुंबक नगं म्हटलंय. बसू नगं असं कुठं म्हटलंय?"