ड्रायरमागची नळी

दुकानात त्याला सगळे नाक्या म्हणत. गॅसवर चालणारा कपड्यांचा ड्रायर दुरुस्त करायला कुणाच्या घरी गेला, की तो दारातच थबकायचा, नाक जरा वर करायचा आणि म्हणायचा, "मागची नळी झिरपतेय तुमची." नळी खरंच झिरपत असायची. मालक गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायचे, "यंत्रबिंत्र कशाला? आमचा माणूसच पुरे आहे."

त्या हिवाळ्यात त्याला ताप आला. ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. हे त्याला कळलं ते ओट्याशी उभं राहून फोनवर बोलताना. बायको बाहेरच्या खोलीतून धावत आली. "अहो, दुधाचा कोळसा झाला! पातेलं नाकासमोर आहे आणि तुम्हाला पत्ता नाही?" तो हसला, सर्दी झालीय म्हणाला. सर्दी काही जाईना. डॉक्टर म्हणाले, वास परत येईलही, नाहीही.

दुकानात त्याने अवाक्षर काढलं नाही. गॅस पकडणारं यंत्र मालकांकडे मागायचं, तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून तो साबणाच्या पाण्याची बाटली बाळगू लागला. उघडलेल्या जोडावर फेस लावायचा. बुडबुडे आले तर गळती. दारात मात्र सवयीने नाक वर करायचा. निव्वळ नाटक.

एका दुपारी तो एका शिक्षिकेकडे गेला. घरात ती आणि तिचे वडील, आबा.

"दादा, पिंप फिरतं, पण कपडे ओलेच," ती म्हणाली. "सुरुवातीला जरा गरम होतं, मग गारच गार."

त्याने ड्रायर पुढे ओढला, खालचं झाकण काढलं आणि ड्रायर चालू करून आडवा पडून आत पाहत राहिला. पेटवणारी कांडी लालभडक झाली. आता गॅस सुटायला हवा होता. कांडी विझली, ज्योत नाहीच. थोड्या वेळाने पुन्हा तेच. गॅस सोडणाऱ्या व्हॉल्व्हवरच्या कॉइल गेल्या होत्या. त्याने गॅसची चावी बंद केली, कॉइल बदलल्या, चावी उघडली, जोडांना फेस लावला. काही नाही. या खेपेला ज्योत भस्सकन लागली. आबा टाळी वाजवून म्हणाले, "आला बाबा जिवात जीव!"

झाकण लावून त्याने ड्रायर गुडघ्याने भिंतीकडे रेटला. कुठेतरी अडल्यासारखं झालं. त्याने अजून जोर लावला आणि ड्रायर जागेवर बसला.

रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या खाणावळीत जेवून उठताना त्याचा गुडघा दुखू लागला, आणि ते अडणं आठवलं. मागे काय अडलं असेल? भिंत आणि ड्रायर यांच्यामध्ये नळीशिवाय होतं काय? पूर्वी निघताना तो शेवटचा एक श्वास घेऊन बघायचा. आज त्या श्वासात काय होतं? हवा.

तो पळत सुटला. दार आबांनी उघडलं.

"काही राहिलं का? बसा, सर्दीने नाक चोंदलंय, म्हणून चहाच टाकतोय. मुलगी वर झोपलीय, तिचं डोकं दुखतंय."

"शेगडी पेटवली?"

"काडेपेटी सापडेना म्हणून तर..."

"पेटवू नका! दिव्याच्या बटणालाही हात लावू नका. ताईंना घेऊन बाहेर जा, आधी बाहेर!"

म्हाताऱ्यांनी त्याचं तोंड पाहिलं आणि ते लगबगीने जिना चढले. तो मागच्या खोलीत गेला. खोली तशीच होती, स्वच्छ, शांत. दोरीवर दोन टॉवेल. त्याला काहीच जाणवत नव्हतं, आणि त्याचीच त्याला भीती वाटली. त्याने गॅसची चावी फिरवली, खिडक्या सताड उघडल्या. बऱ्याच वेळाने ड्रायर पुढे ओढला. नळीला घडी पडून ती चिरली होती.

बाहेर फाटकाशी शिक्षिका शाल गुंडाळून उभी होती. "केवढा वास सुटलाय! दादा, तुम्ही आत होतात तेव्हा आला नाही?"

"मला वास येत नाही, ताई. हिवाळ्यापासून."

आबा म्हणाले, "आणि तरी तुम्ही घरोघर जाता?"

त्याने पिशवीतून नवी नळी काढली.

संध्याकाळी त्याने मालकांना सगळं सांगितलं. मालक खूप चिडले, मग यंत्र आणून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "हिवाळ्यापासून ज्या ज्या घरी गेलास, त्या प्रत्येक घरी जायचं. उद्यापासून."

तो गेला. बहुतेक घरं ठीक निघाली. एके ठिकाणी जोड किंचित झिरपत होता. घरच्या सुनेला वाटायचं, वास गटाराचाच.

शेवटचं घर गल्लीच्या टोकाला. दाराला आतून कडी, पडदे ओढलेले, पायरीवर साचलेलं टपाल. त्याने घंटा वाजवायला बोट नेलं आणि मागे घेतलं. दारावर थाप मारली. शेजारीण म्हणाली, "नवरा-बायको दोघंही दिसली नाहीत बाई हल्ली. गावाला गेली असतील."

त्याने गुडघे टेकले आणि यंत्राची नळी दाराखालच्या फटीत सरकवली. यंत्र कर्कश ओरडू लागलं.