पाठकोऱ्या कागदाची मागची बाजू

परवा रद्दीवाल्याकडून दोन किलो पाठकोरे कागद आणले. चाळीस रुपये. एक बाजू छापलेली असली तरी दुसरी मला रामनाम लिहायला पुरते... पुण्यात कोरी बाजू कुणी वाया घालवत नाही.

काल एक पान भरलं, उलटं ठेवायला गेले आणि हात थांबला. मागे आधार कार्डाची झेरॉक्स. फोटो आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंचा... खाली पुण्यातला नवा, पूर्ण पत्ता, खोली नंबरासकट.

ताईंचं नाव इथे लिहीत नाही. नवऱ्याच्या माराला कंटाळून त्या दोन वर्षांपूर्वी निघून आल्या. त्या पुण्यात आहेत एवढंच त्याला कळलंय, आणि तो अजून शोधतोय. पत्ता त्यांनी मलासुद्धा सांगितला नव्हता.

सोसायटीने कामाला येणाऱ्या बायकांच्या झेरॉक्स मागितल्या, तेव्हा त्या का-कू करत होत्या. "नियम आहे हो, देऊन टाका," असं मीच म्हणाले होते...

तडक सेक्रेटरींकडे गेले. "अहो काकू, कपाट आवरलं, जुने कागद रद्दीत दिले. आधार काय सगळ्यांकडेच असतं, त्यात लपवायचं काय?"

म्हटलं, "मग तुमचं नोटीस बोर्डावर लावू?"

घरी येताना लक्षात आलं, त्या कपाटात आम्हा फ्लॅटवाल्यांची एकही झेरॉक्स नव्हती. आमच्याकडे कुणी मागितलीच नव्हती.

आज सकाळी ताईंना कागद दाखवला. रामनाम जाळू नये म्हणतात, पण देवाची क्षमा मागितली आणि कागद गॅसवर धरला. राख तुळशीत टाकली.

मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात ताई हळूच म्हणाल्या, "वहिनी, सोसायटीने दोन-दोन घेतल्या होत्या."

सगळा गठ्ठा उपसला... दुसरी नाही.

आमचा भाग ओळखीच्यांना ठाऊक आहेच. गेल्या पंधरवड्यात रद्दीतून कागद आणले असतील, भेळेचा नाहीतर वड्याचा पुडा घरी आला असेल, तर तेवढा उलटून बघा. अशी झेरॉक्स सापडली तर फोटो टाकू नका, नाव लिहू नका. नुसतं "सापडली" एवढंच लगेच कळवा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.

ताईंनी सामान बांधून ठेवलंय...