खुर्च्यांसमोरचं रिंगण

"स्नॅक कुठंय? माझा स्नॅक आणा!"

टीमचा मालक ओरडला. मैदानाच्या कडेला पांढऱ्या घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. वर कापडी छत, हातात बर्फ घातलेला चहा. त्याचे पाहुणे आले होते. सरावाच्या शेवटी पाहुण्यांना काहीतरी गंमत दाखवायची, अशी त्या कॅम्पची रीत होती.

गंमत म्हणजे मी.

मी व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळायचो. हेल्मेट घालून माणसं एकमेकांवर आदळतात, तो खेळ. त्या खेळात मी बुटका होतो. माझ्या शाळेत नव्हतो, आमच्या घरात तर अजिबात नव्हतो, पण तिथे होतो. माझं नाव कुणी घेत नसे. स्नॅक. जेवणाआधी तोंडात टाकायची वस्तू.

रिंगण असं असायचं. दोन लांब गाद्या समांतर टाकायच्या. मधे अरुंद गल्ली. एका टोकाला एक माणूस, दुसऱ्या टोकाला दुसरा. शिट्टी वाजली की धडकायचं. बाकीचे भोवती कडं करून ओरडतात. एरवी सारख्या वजनाच्या जोड्या लावतात. मला मात्र मार्कससमोर उभं करायचे. मार्कस आमच्यातला सगळ्यात जड माणूस. माझ्यासारखे दोन त्याच्यात सहज बसले असते.

शिट्टी वाजली. आकाश दिसलं. तोंडात गवत आलं.

मी उडी मारून उठलो. सावकाश उठलं की दुखलंय हे दिसतं. परत उभा राहिलो. परत आकाश. तिसऱ्यांदा मार्कसने मला उचलून गादीपलीकडे टाकलं आणि खुर्च्यांमध्ये हशा पिकला. मी पण हसलो. उठून, वाकून, नाटकातल्यासारखा नमस्कार केला.

"व्हॉट अ हार्ट!" एक बाई म्हणाली. "केवढंसं आहे ते, पण काळीज बघा!"

मालक आला आणि माझ्या हेल्मेटवर टपली मारून गेला. कुत्र्याला मारतात तशी. आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. त्या टपलीवर माझी रात्र छान गेली असती.

पण त्या दिवशी कुटुंबीयांसाठी बांधलेल्या दोरीमागे बाबा उभे होते. टेक्सासमधल्या आमच्या घरून, फ्रिस्कोहून, गाडी चालवत आले होते. डोक्यावर टीमची टोपी. सगळे टाळ्या वाजवत होते. बाबांचे हात दोरीवर होते.

सरावानंतर ते मला गाडीतून जेवायला घेऊन निघाले. मग म्हणाले, "काहून हसत होतास?"

"कधी?"

"पडल्यावर. काहून हसत होतास रे?"

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला आयुष्य लागलं. त्या दिवशी मी फक्त चिडलो.

आमचं घर नागपूरचं. बाबा आमच्या वस्तीतले पहिले इंजिनिअर. मी आठ वर्षांचा असताना आम्ही टेक्सासला आलो. हे लिहितोय ते मराठी बाबांनीच किचनच्या टेबलावर बसवून शिकवलं. आडनावावरून आम्हाला ओळखणारे लोक सातासमुद्रापार भेटणार नाहीत असं त्यांना वाटलं होतं. मराठी मंडळाच्या पहिल्याच पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायच्या जेवणाला, भेटले. "तुम्ही नागपूरचे? नागपुरात कुठले?" हा प्रश्न. मग "अच्छा". त्या अच्छानंतर आमच्या घरची भाजी टेबलावर तशीच राहायची. आई झाकण लावून ती परत आणायची आणि आम्ही दोन दिवस खायचो.

मी टीममध्ये निवडला गेलो तेव्हा मराठी मंडळाच्या अध्यक्षकाकांनी मला सगळ्यांसमोर मिठी मारली. म्हणाले, "वा! तुमच्या लोकांत अंगमेहनत रक्तातच असते." मी थँक यू काका म्हणालो. आईने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

बुटक्या माणसाचं डोकं त्या खेळात कसं चालतं, ते सांगतो. कारण बाहेरून ते शौर्यासारखं दिसतं.

वजन करायच्या सकाळी मी पाणी पीत सुटायचो. पोट फुटेपर्यंत. आईने पाठवलेले डिंकाचे लाडू एकामागून एक गिळायचो. अंगावर चड्डी तेवढी ठेवून आम्हाला ओळीने उभं करायचे. उंची मोठ्याने वाचायचे, हाताचा पंजा मोजायचे. माझा आकडा वाचला की कुणीतरी खोकायचं. मग मीच विनोद करायचो. "पंजा नाही सर, चमचा आहे." माझ्यावरचा विनोद मी इतरांच्या आधी करून टाकायचो. म्हणजे तो माझा झाला, असं वाटायचं.

धिप्पाड माणूस चांगला खेळला की त्याला टॅलेंट आहे म्हणायचे. मी खेळलो की हार्ट. मी चेंडू पकडून चार माणसांना चुकवत पळालो तरी हार्ट. माझे पाय, माझी नजर, माझा अंदाज, हे कुणी बोलायचं नाही. हार्ट म्हणजे काय ते मला फार उशिरा कळलं. तुझं शरीर इथलं नाही, पण तू ते मोडून घ्यायला तयार आहेस, म्हणून आम्हाला आवडतोस. बस.

आणखी एक. बुटका माणूस सतत समोरच्याचं दुखणं शोधत असतो. कोण कुठल्या पायावर कमी भार देतो. कुणाचा खांदा जिना चढताना वर होतो. मला सगळ्यांची दुखणी पाठ होती. माणसं म्हणून ती मला माहीत नव्हती, दुखणी माहीत होती.

तर गाडीत मी बाबांवर चिडलो. म्हणालो, "तुम्ही आयुष्यभर ऑफिसमध्ये मान खाली घालून येस सर केलंत. तुम्ही मला शिकवू नका."

बाबांनी नजर रस्त्यावरच ठेवली. म्हणाले, "हो. म्हणूनच ओळखलं मी ते हसणं."

मग त्यांनी मला ते सांगितलं, जे तोवर कधी सांगितलं नव्हतं. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर सीनियर त्यांना मेसच्या टेबलावर उभं करायचे. इंग्रजी पेपर वाचायला लावायचे. "कोट्यातल्या साहेबांचं इंग्लिश ऐका रे." शब्द चुकला की टाळ्या.

"मी रोज रात्री पाठ करायचो," बाबा म्हणाले. "एक दिवस अख्खं पान न चुकता वाचलं. वाटलं, आता गप होतील."

"मग?"

"टाळ्याच वाजवल्या. तेवढ्याच. म्हणाले, वा, उद्या मागचं पान."

"मग तुम्ही काय केलं?"

"मागचं पान पाठ केलं," बाबा म्हणाले.

मला तेव्हाही कळलं नाही. मला एवढंच कळलं की बाबा हरले आणि मी हरणार नाही. उद्या मार्कसला पाडायचं. एकदा पाडला की संपलं सगळं.

मार्कसचं लॉकर माझ्या शेजारी होतं. तो लुइझियानाच्या एका छोट्या गावातून आला होता. तो मला स्नॅक म्हणायचा, पण आपल्या आईने पाठवलेल्या पेकन मिठाईतला, अक्रोडासारख्या दाण्यांच्या वड्यांतला, निम्मा वाटा मला द्यायचा. त्याचा डावा गुडघा खराब होता. सकाळी सकाळी, कुणी यायच्या आधी तो त्यावर पट्ट्या गुंडाळायचा. मला म्हणाला होता, "डॉक्टरला कळलं तर मला काढतील. बोलू नकोस." मी बोललो नव्हतो. पाठ करून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी परत खुर्च्या. परत चहा. बाबा परत दोरीमागे.

"स्नॅक!"

मी गल्लीत उभा राहिलो. या खेळात एक म्हण आहे, जो खाली असतो तो जिंकतो. शिट्टी वाजली. मी जमिनीला लागून गेलो. त्याच्या डाव्या गुडघ्याकडे, खांदा पुढे करून. मला माहीत होतं मी कुठे चाललोय. हे मी अपघात म्हणून सांगू शकलो असतो. कुणाला कळलं नसतं. पण मला माहीत होतं.

आवाज झाला. ओल्या फांदीसारखा. मार्कस पडला आणि ओरडला. एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडून लहान मुलाचा आवाज निघाला.

आणि खुर्च्यांमध्ये हशा पिकला.

कालचाच हशा. तेवढाच, त्याच तोंडांनी. टाळ्याही त्याच. मालक उभा राहून ओरडला, "अरे, आज तर स्नॅकनेच जेवण खाल्लं!" पाहुणे मांड्यांवर हात आपटत होते. मार्कस गवत उपटत होता. काल मी खाली होतो, आज तो खाली. त्यांना काही फरक पडला नव्हता.

मागचं पान. मला गाडीतलं सगळं एकदम कळलं.

मी दोरीकडे बघितलं. बाबांनी डोक्यावरची टोपी काढली होती.

मार्कसला गाडीवर घालून नेलं. कोचने गवतावरचा त्याचा बूट पायाने बाजूला सारला आणि शिट्टी तोंडात धरली. मालकाने बोट वर केलं. "आणखी एक! स्नॅकला दुसरा कुणी द्या!"

एक नवा जाड मुलगा गल्लीच्या दुसऱ्या टोकाला येऊन उभा राहिला. तो घाबरला होता. मला तो घाबरलेला आवडला. हे पण सांगायला हवं. एक क्षण मला तो आवडला.

मग मी हेल्मेट काढलं आणि गादीवर ठेवलं.

"घाल ते," कोच म्हणाला.

"नाही."

"पाहुणे बसलेत."

"म्हणूनच. मी फुटबॉल खेळायला आलोय. हा फुटबॉल नाही."

"लाइनवर उभा राहा, नाहीतर बॅग भर."

मी गल्लीतून बाहेर चालत गेलो. पाठीमागे कुणीतरी हसत म्हणालं, "स्नॅक रागावला!" त्यावरही टाळ्या पडल्या. मी वळलो नाही. त्या खेळात पाठ दाखवणं सगळ्यात वाईट. मी पाठ दाखवली.

दुसऱ्या सकाळी मला काढलं. मग कुठल्याच टीमने बोलावलं नाही. एका जुन्या ओळखीच्या माणसाने फोनवर कारण सांगितलं, "सगळीकडे बोललं जातंय, तुझ्यात आता ते हार्ट राहिलं नाही म्हणून."

मार्कस परत खेळला नाही. मी त्याला फोन केला. रडत माफी मागितली. गुडघ्याचं मला माहीत होतं आणि मी तिकडेच गेलो, हे सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला माहीत होतं. तुला येताना बघितलं मी." पुढे म्हणाला, "तुझं सॉरी तुझ्याकडेच ठेव. आणि ही गोष्ट कधी सांगशील ना, तर त्यात हिरो होऊ नकोस." फोन ठेवला. पेकन मिठाई मी त्यानंतर खाल्ली नाही. याने मार्कसचा गुडघा बरा होत नाही, हे मला कळतं.

आता मी पंचेचाळिशीला आलोय. फ्रिस्कोतच एका शाळेच्या टीमला शिकवतो. मागच्या वर्षी मंडळाचा वार्षिक कार्यक्रम होता. अध्यक्षकाका आता काठी घेऊन चालतात, पण अध्यक्ष तेच. त्यांनी आग्रह केला, "अरे, स्टेजवर ये. मुलांना जरा इन्स्पिरेशन दे. सरप्राइज ठेवलंय."

बाबा पहिल्या रांगेत होते. मी स्टेजवर गेलो. दिवे मंद झाले आणि मागच्या पडद्यावर तेच रिंगण आलं. पाहुण्यांपैकी कुणीतरी तेव्हा छोट्या कॅमेऱ्यावर शूट केलं होतं. ते कुठून कुठून फिरत काकांपर्यंत आलं होतं. मी खाली वाकतो, मार्कस पडायला लागतो आणि क्लिप तिथेच संपते. पडल्यावरचा मार्कस त्यात नाही. ओरडणं नाही. खाली कुणीतरी लिहिलं होतं, शरीर छोटं, काळीज मोठं.

हॉलभर टाळ्या. काका माईकवर म्हणाले, "बघितलंत? आपला मराठी माणूस! आपला!"

आपला. मी आपला झालो होतो. त्यासाठी एक माणूस पाडावा लागला.

"काका, परत लावू नका," मी म्हणालो.

"अरे, लाजतोस काय यार! प्राउड मोमेंट आहे. ऑपरेटर, वन्स मोअर!"

मी माईक घेतला. "याच्या पुढचं कापलंय. पुढे हा माणूस ओरडतो. त्याचा गुडघा दुखरा आहे हे मला माहीत होतं. त्याने विश्वासाने सांगितलं होतं. मी तोच मोडला. आणि खुर्च्यांवरचे लोक हसले. तुम्ही आत्ता टाळ्या वाजवल्यात ना, तसेच."

काका हळू आवाजात म्हणाले, "अरे, लहान मुलं बसलीत समोर."

"त्यांनाच सांगतोय. आणि काका, माझ्या लोकांच्या रक्तात अंगमेहनत नसते. ती करून घेतात त्यांच्याकडून. मग त्यावर टाळ्या वाजवतात."

काकांनी माईकसाठी हात पुढे केला. मी माईक त्यांच्या हातात न देता टेबलावर ठेवला. पायऱ्या उतरलो. बाबा खुर्चीतून उठले होते. ऐंशीच्या घरातला माणूस, कुणाचा आधार न घेता उठला होता. आम्ही दोघं मधल्या वाटेने बाहेर पडलो. दोन्हीकडे खुर्च्या. पांढऱ्या, घडीच्या.

पार्किंगमध्ये बाबा म्हणाले, "आज हसला नाहीस."

मी म्हटलं, "नाही."

मंडळात आम्ही आता जात नाही. माझ्या टीममध्ये कुणी कुठल्याही मुलाला हार्ट आहे म्हणालं, तर मी सराव थांबवतो आणि त्याचे पाय कसे पडतात ते बघायला लावतो. काही पालकांनी तक्रार केली आहे. करू देत.

मार्कस, मी यात हिरो नाही. गुडघा माझ्याच खांद्याने मोडला, आणि तो खांदा माझ्या अंगावर अजून आहे. पण कुणाच्या खुर्चीसमोरच्या रिंगणात मी आता उतरणार नाही. हरायला नाही, जिंकायलाही नाही. आणि माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला उतरवलं, तर मी खुर्चीत बसून राहणार नाही. उठून मधे उभा राहीन. मग वाजवा शिट्टी.