सासऱ्याची टोपी समुद्राच्या तळाला

आमचे दाजी समुद्राचा तळ शोधणाऱ्या जहाजावर विंच चालवतात. विंच म्हणजे बैलाएवढं लोखंडी रीळ आणि त्यावर गुंडाळलेली मैलभर नाही, मैलोन्‌मैल तार. शास्त्रज्ञ म्हणतात सोडा, दाजी सोडतात. ते म्हणतात ओढा, दाजी ओढतात. खाली कॅमेरा जातो, वर ओंजळभर चिखल येतो, आणि त्या चिखलाभोवती सगळे चष्मेवाले नवी नवरी बघायला जमल्यागत उभे राहतात.

आबांना, म्हणजे दाजींच्या सासऱ्यांना, हे काम वाटतच नसे. त्यांचा जन्म विहिरी खोदण्यात गेलेला. जावई सुट्टीवर आला की खाटेवर पडल्यापडल्याच विचारायचे, "काय जावईबापू, लागलं का पाणी?"

"आबा, चार हजार मीटर खोल असतं तिथं."

"तू उतरलास?"

"नाही."

"मग? ज्याचे पाय तळाला लागले नाहीत त्यानं खोलीच्या गप्पा मारू नयेत."

बारा वर्षं हेच. वादळाला न भिणारा माणूस, पण त्या खाटेपुढून चहा अर्धा टाकून उठायचा. म्हाताऱ्यानं एकदा, फक्त एकदा मान डोलवावी, एवढीच दाजींची आस.

त्या जहाजावर एक खूळ आहे. थर्मोकोलचे कप जाळीच्या पिशवीत घालून यंत्रासोबत खाली धाडायचे. पाण्याचा दाब त्यांना असा पिळतो की वर येतात ते अंगठ्याएवढे होऊन. लोक ते घरी कपाटात मांडतात. दाजींनी कप नेला नाही. आबांची उन्हात घालायची थर्मोकोलची टोपी होती, ती ताईनं गुपचूप बॅगेत कोंबली.

"बोलणी मात्र तुम्हीच खायची," ती म्हणाली.

टोपी गेली आणि आली. आली ती वाटीएवढी. काठ, वाऱ्याची भोकं, आत पेनानं लिहिलेलं आबांचं नाव, सगळं जागच्या जागी, फक्त बाहुलीच्या मापाचं.

पुढच्या सुट्टीत आबांनी ती डोक्यावर ठेवली. टकलावर ती कलिंगडावर बाटलीचं बूच ठेवल्यागत बसली.

"गरम पाण्यात धुतलीस."

"नाही आबा. वरच्या पाण्याचं ओझं. चार हजार मीटर."

आबांनी टोपी दाबली, खाटेच्या पायावर ठोकली, शेवटी दाताखाली धरली. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, ती खाऊ नका, जेवण होतंच आहे!"

आबांनी टोपी तोंडातून काढली. मग म्हणाले, "एवढी तार सोडायची, म्हणजे तारेचंच वजन केवढं!"

"सामानापेक्षा जास्त."

"लाटेनं हिसका बसत असेल."

"बसतो. तेव्हा ढील द्यायची. नाहीतर तार तुटते आणि माणसं कापत सुटते."

आबा उठून बसले. "ब्रेक कुणाच्या हातात?"

"माझ्या."

विहिरीवर दगड आणि माणसं वर काढायला यारी असते. तिच्या ब्रेकवरच्या माणसाला डुलकी लागली की खालचे मेले. आबांनी उभ्या आयुष्यात मुकादमाला कधी मान दिला नाही, पण या माणसाला कामावरचा पहिला चहा स्वतःच्या हातानं दिला.

ते खाटेवर एका अंगाला सरकले. दाजींच्या पाठीत एक गुद्दा हाणला.

"अरे गाढवा, तू यारीवाला आहेस! आधी नाही का सांगायचं? आम्हाला वाटलं, तू नोकरी करतोस!"