न सुजलेलं बोट

विमलाबाई मुळातच तापट. पण नवऱ्यावर, धाकूवर, त्या इतक्या भडकलेल्या भाईंदर पूर्वेत कुणी पाहिल्या नव्हत्या. आणि का भडकू नये?

बाई रत्नागिरीकडच्या. घरून पोळ्या करून द्यायच्या, त्यावर घर चालायचं. सांधे सुजून सकाळी बोटं अशी आखडायची की लाटणं धरवेना. डॉक्टर म्हणाले, औषध बरेच महिने घ्यावं लागेल. धाकूला कुठला धीर? त्यानं कुणाकडून तरी बिननावाची पांढरी पुडी आणली. दोन दिवसांत सूज गायब, तेव्हापासून बाई रोज पुडी घ्यायच्या. मग काय, स्वारी मिशीवर ताव देत बिल्डिंगभर पुड्या वाटत सुटली.

एकदा बांगडे साफ करताना काटा बाईंच्या उजव्या तर्जनीत घुसला. कोकणातल्या माणसाला काट्याचं काय कौतुक? हळद दाबायची, बोट सुजून ठणकलं तरच दवाखाना, ही घरची रीत. बोट सुजलं नाही, ठणकलं नाही, तापही आला नाही. बाई खुशाल पोळ्या लाटत राहिल्या. बोट काळं पडलं तेव्हा सून स्वातीनं त्यांना ओढतच हॉस्पिटलात नेलं. पू हाडापर्यंत गेला होता.

पुडी बघून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "मावशी, यात स्टेरॉइड असणार. जंतू शिरला की शरीरातल्या पहारेकरी पेशी काही प्रथिनं सोडतात. ती त्यांची हाक असते. हाक ऐकून बाकीच्या पेशी धावतात, जागा सुजते, ताप चढतो. तुमच्या सांध्यांत त्या नको तेव्हा ओरडत होत्या, खरंय. पण पुडीनं सगळ्यांचंच तोंड दाबलं."

बोट कापावं लागलं.

धाकू खाटेशी येऊन रडवेल्या आवाजात म्हणाला, "अगं, पण तुझं दुखणं तर गेलं होतं ना?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दुखलं असतं तर वेळेत आले असते. तेवढंही दुखू दिलं नाहीत मला. आता काय लाटू, तुमचं डोकं?"

बाई एवढ्यावर थांबल्या नाहीत.

"ज्यांना ज्यांना पुडी दिलीत, त्यांच्या दारात जा. सांगा, पुडी मनानं एकदम बंद करू नका, ती उलटते असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण आजच डॉक्टर गाठा. आणि हेही सांगा, बायकोचं बोट मी घालवलं. हेच शब्द. त्याशिवाय मला तोंड दाखवू नका."

संध्याकाळी धाकूनं पहिल्या मजल्यावरची बेल वाजवली. डॉक्टर गाठा, एवढं सांगून तो वळला. मागे जिन्यात स्वाती उभी होती.

"आईंनी ऐकायला पाठवलंय," ती म्हणाली. "पुढचं बोला."